पाण्यातल्या कांड्या

सेलूला आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा पत्र्याखाली आहे. पांढरा फॉस्फरस हवेत पेट घेतो, म्हणून त्याच्या कांड्या आम्ही बाटलीत पाण्याखाली ठेवतो. एका जूनमध्ये कुलूप काढलं, तर कांड्यांऐवजी तळाशी एकच गोळा.

प्राचार्य तडकले, "कुणी हात लावला?"

मी म्हणाले, "उन्हानं, सर." पांढऱ्यात चार-चार अणूंचे सुटे गट असतात, तो चव्वेचाळीस अंशांनाच वितळतो. शेजारच्या बाटलीतल्या तांबड्याचे अणू साखळीत गुंफलेले, त्याला काही झालं नव्हतं.

त्यांना पटलं. प्रयोगशाळेसाठी कूलर त्यांनी स्वतः मागवला. कूलर आला आणि त्यांच्याच खोलीत बसला. पुढच्या मे महिन्यात नव्या कांड्यांचाही गोळा झाला. या वेळी कुणी हात लावला, असं त्यांनी विचारलं नाही.