मास्तरांच्या पॅन्टची माया

टेलरमास्तरांनी जन्मात कुणाला जाड म्हटलं नाही. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहायचं आणि म्हणायचं, "मागच्याच मापाची शिवा." मास्तर मान डोलवायचे आणि कापड गुपचूप दोन बोटं जास्त धरायचे. शिवाय शिवणीत भरपूर माया सोडायचे, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड. पोट सुटलं की शिवण उसवायची, कंबर वाढवायची, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. अख्खी गल्ली ढेरपोटी झाली, पण पॅन्ट कुणालाच घट्ट झाली नाही.

हाच उपकार ते स्वतःवरही करायचे. दुकान बंद केलं की स्वतःची पॅन्ट उसवून चार टाके मारायचे. बायकोने पाहिलंच तर म्हणायचे, "धुण्यात आटली गं." मग रक्तात साखर निघाली. तिलाही त्यांनी असंच सांभाळून घेतलं. गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर राम राम.

एका दुपारी बायको चहा घेऊन आली, तर दुकानाच्या फरशीवर रक्ताचे ठिपके. मास्तर अनवाणी पायाने मजेत मशीन मारत होते आणि तळव्यात टाचणी रुतली होती. त्यांना पत्ताच नव्हता.

"बघ, शिंपी असून टाचणी टोचत नाही," मास्तर म्हणाले. बायको हसली नाही. तिने डॉक्टर भाचीला फोन लावला.

भाचीने जखम धुतली, पट्टी बांधली आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. "मामा, पाय बधिर व्हायला लागलाय. अशी जखम चिघळली तर पाय कापावा लागतो."

मास्तरांनी मशीनच्या पायट्याकडे पाहिलं. पाय गेला तर मशीन गेलं, आणि मशीन गेलं तर मास्तर कशाचे? "गोळ्या नेमाने घेतो," ते पुटपुटले.

"त्या घ्यायच्याच. पण तुमचा मधुमेह अजून नवा आहे. अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय, की सुरुवातीच्या वर्षांत दहा-पंधरा किलो वजन उतरवलं, तर बऱ्याच जणांची साखर गोळ्यांशिवायही ताब्यात राहते. सगळ्यांची नाही."

"म्हणजे बरा होतो?"

"झोपतो. वजन वाढलं की पुन्हा उठतो. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी." तिने मास्तरांच्याच गळ्यातली टेप ओढली, उंची मोजली, तिच्या निम्म्याएवढी टेप चिमटीत पकडली आणि त्यांच्या पोटाभोवती धरली. टोकं भेटेनात. मध्ये चांगली वीतभर मोकळी जागा राहिली.

"टेप आटली असेल," बायको म्हणाली.

त्यानंतर मास्तरांचे हाल कुत्रा खाईना. भाचीच्या देखरेखीखाली ताट निम्मं झालं, चहातली साखर गेली, जेवल्यावर गल्लीत फेऱ्या सुरू झाल्या. सगळी ढेरपोटी गिऱ्हाइकं दारात उभी राहून हळहळायची, "मास्तर, काय ही दशा!" मास्तर दात-ओठ खात चालत राहायचे. भूक लागली की उगाच कात्रीवर ओरडायचे.

वर्ष सरत आलं तेव्हा गोळ्या बंद होऊनही साखर ताब्यात होती. भाचीने तपासण्या मात्र चालूच ठेवल्या. जखम भरली होती, पण तळवा होता तसाच बधिर. मास्तर आता चप्पल घालूनच मशीनवर बसायचे आणि रोज सकाळी गिऱ्हाइकांच्या आरशात तळवे न्याहाळायचे.

ढगळ झालेली पॅन्ट त्यांनी एका दुपारी आत घेतली, आणि मग शिवणीतल्या मायेवर कात्री ठेवली.

बायको दचकली. "अहो, माया कापताय? उद्या लागली म्हणजे?"

"तेव्हा पॅन्ट चढणार नाही," मास्तर म्हणाले. "टाचणी टोचत नाही मला. निदान पॅन्ट तरी टोचू दे."

बायकोने पॅन्टचं दुसरं टोक ताणून धरलं आणि मास्तरांनी कात्री चालवली.