विश्रांतीचं दार

माझ्या मावशीच्या घरात एकही दार पूर्ण लागत नाही. प्रत्येक दारात एकेक जुनी चप्पल अडकवलेली असते. न्हाणीघराचंही तेच, म्हणून आत गेलेल्यानं मोठ्यानं गाणं म्हणायचं असा घरचा नियम. माझा नवरा इतका बेसूर गातो की तो तिच्याकडे मुक्कामच टाळतो.

मावशी मुलींच्या सुधारगृहात पहारेकरीण होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून आम्हा भाचरांची ती किल्लीमावशी. तिथं गॅलरीच्या टोकाला एक खोली होती. भांडलं, उलट बोललं की मुलीला एकटीला तिथं कोंडायचं. खोलीचं नाव 'विश्रांती'. कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं, देव जाणे. दार लोटलं की कुलूप आपोआप बसे आणि किल्ली फक्त बाहेरून लागे. नव्या पहारेकरणींना मावशीच शिकवायची: उघडं दार दिसलं की लोटायचं, आणि विश्रांतीच्या दारावर आतून थाप पडली तर वळून बघायचं नाही. मावशी दुष्ट नव्हती. तिलाही कोणीतरी तसंच शिकवलं होतं.

मग वरून हुकूम आला: कोणत्याही मुलीला चार तासांच्या वर एकटं कोंडायचं नाही. तेव्हा आत एक मुलगी होती, पंधराएक वर्षांची, कित्येक आठवड्यांपासून. मावशीनं दार सताड उघडलं. "चल गं, सुटलीस!"

मुलगी भिंतीला आणखी चिकटली. "नको. मला इथंच राहू द्या."

अधीक्षकबाईंना आयतंच सापडलं. हुकमात एक पळवाट होती: मुलीनं स्वतःहून मागितलं तर कोंडता येई. "संध्याकाळपर्यंत आली बाहेर तर ठीक," त्या म्हणाल्या, "नाहीतर तिची मर्जी समजू आणि दार लावून घेऊ." एवढं बोलून त्या बैठकीला निघून गेल्या.

पोर आज बाहेर आली नाही तर कधीच येणार नाही, हे मावशीला दिसत होतं. ती आत गेली, मुलीशेजारी फरशीवर बसली, समजूत घालू लागली. तेवढ्यात गॅलरीतून जाणाऱ्या एका नव्या पहारेकरणीला उघडं दार दिसलं. आत न बघताच तिनं ते लोटलं. किल्ल्या मावशीच्या कमरेला होत्या, आणि कुलपाला आतून भोकच नव्हतं.

मावशीनं थापा मारल्या, हाका मारल्या. बाहेर पावलं वाजली, जवळ आली आणि पुढे निघून गेली. शिकवण पक्की बसली होती.

"आधी हसूच आलं," मावशी सांगते. "म्हटलं, घ्या, करावं तसं भरावं. मग श्वास पुरेना. भिंती अंगावर यायला लागल्या. मी रडले गं, लहान पोरीसारखी."

तेव्हा ती मुलगी भिंत सोडून उठली. "मावशी, थापा नका मारू. त्यानं जास्त भीती वाटते." तिनं मावशीला फरशीवर आडवं केलं, गाल दाराखालच्या फटीशी टेकवायला लावला. "इथून वारा येतो. कोणी गेलं तर पाय दिसतात. तुमचे मी रोज बघायचे. डावी टाच भेगाळलीय ना तुमची? तुम्ही थांबायच्या नाहीत, पण मी बघायचे."

मावशी हे सांगते तेव्हा पदरानं डावी टाच झाकून घेते.

संध्याकाळी जेवणाचं ताट आलं. ताट आत सरकवायची झडप उघडली, तिच्यातून मावशीनं किल्ल्या बाहेर दिल्या. दार उघडलं, समोर अधीक्षकबाई उभ्या. पण मावशीला उठताच येईना.

"चला, मावशी. मी आहे ना," मुलगी म्हणाली, आणि हाताला धरून तिला बाहेर घेऊन आली. आपणही बाहेर आलोय हे तिला गॅलरीच्या मध्यावर कळलं. ती थबकली, पण मागे फिरली नाही. त्या खोलीत तिला पुन्हा कोणी कोंडलं नाही.

आता ती शिवणकाम करते, चांगलं कमावते, खळखळून हसते. मावशीची मात्र नोकरी सुटली तरी खोली सुटलेली नाही.

परवा केर काढताना मी तिच्या खोलीच्या दारातली चप्पल बाजूला केली. वाऱ्यानं दार धाडकन लागलं, आणि मावशी आत. आतून हाक नाही, थाप नाही. मी झाडू टाकून धावले, दार ढकललं, तर पलीकडे काहीतरी अडलं.

मावशी फरशीवर आडवी होती, गाल फटीशी टेकवून.

"तुझे पाय दिसले," ती आतून म्हणाली. "थांबलीस. बरं केलंस."