चाचींचा उद्याचा वायदा

सांगितल्या दिवशी कपडा तयार, असं चाचींच्या हातून कधी घडलं नाही. जुन्नरच्या पेठेत, आमच्या घरापासून चार दुकानं सोडून त्यांचं शिलाईचं दुकान. ईद असो की दिवाळी, गिऱ्हाईक दारात दिसलं की मशीनवरून मान न उचलता म्हणायच्या, "उद्या ये गं, नुसती बटणं ऱ्हायलीत." लेण्याद्रीच्या पायऱ्या परवडल्या पण चाचींकडचे हेलपाटे नकोत, असं आई म्हणायची. आणि पुढचा ब्लाउजही त्यांच्याकडेच टाकायची.

वहीत जुनं माप असलं तरी त्या नव्यानं घ्यायच्याच. "कापड ऱ्हातं तसंच, माणूस बदलतं," म्हणायच्या.

मी बारावीला नापास झाले, त्या उन्हाळ्यात मावसबहिणीच्या लग्नासाठी माझा ड्रेस त्यांच्याकडे होता. माझी झोप आणि भूक निकालाच्या आधीपासूनच उडालेली. निकालानंतर घरात सगळे माझ्याशी जपून बोलायचे, म्हणजे जवळजवळ बोलायचेच नाहीत. चाचींनी कमरेला टेप लावली, वही बघितली, पुन्हा लावली.

"महिन्यात दोन इंच कमी? जेवत न्हाईस तू."

त्यांनी टेप गळ्यात टाकली, शटर अर्धं ओढलं आणि सरळ विचारलं, "मरायचं येतं का गं मनात?"

इतकं सरळ कोणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं आणि तिथेच चिंध्यांच्या ढिगावर बसून रडले. त्या रागावल्या नाहीत, उपदेश केला नाही. सगळं ऐकून घेतलं. आईला सांगू नका म्हटल्यावर मात्र म्हणाल्या, "ब्लाउजचं खोटं लई बोलते मी. ह्यात न्हाई बोलणार. चल, दोघी मिळून सांगू."

त्याच दुपारी आई, चाची आणि मी दवाखान्यात गेलो. पुढे कित्येक महिने औषधं आणि डॉक्टरीणबाईंशी बोलणं चालू राहिलं. तेवढ्या काळात माझा ड्रेस काही होईना. आज बाही, उद्या गळा, रोज ट्रायल. मी गेले नाही तर चाची स्वतः दारात हजर. लग्नाला मी जुनाच ड्रेस घातला.

"चाची, ताईचं लग्न होऊन गेलं, आता तरी द्या!"

"मग बारशाला घाल की!"

एकदा मी जरा लवकर गेले, तर चाची माझ्या ड्रेसची शिवलेली बाही उसवत बसल्या होत्या. चोरी पकडली गेल्यासारख्या ओशाळल्या. "काय करू? तू बरी व्हायच्या आधीच हा पुरा झाला."

पुढे मी बारावी झाले. आता पिंपळवंडीच्या शाळेत शिकवते. एखादी पोर गप्प गप्प दिसली की बाजूला घेऊन सरळ विचारते. हे धाडस चाचींचं, माझं नाही. मी आज आहे ती त्यांच्यामुळे, हे त्या होत्या तोवर नीट सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी चाची गेल्या. चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर त्यांच्या सुनेनं मला एक पिशवी दिली. आत माझा ड्रेस होता, एका बाहीला अजून कच्चाच टाका. सून म्हणाली, "आणा ताई, दोन मिनिटांत मशीन मारून देते."

"राहू दे," मी म्हटलं, "उद्या येते."