गाजराच्या बापाचा खून

नेत्रा पाटणकरला जायचं होतं कोरियाला आणि ती पोचली जपानला. यात तिचा दोष एवढाच, की एजंट फोनवर बोलत होता तेव्हा तिच्या दुसऱ्या कानात एका कोरियन सिरियलचा शेवटचा भाग चालू होता.

ती मिरजेच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायची. वय छत्तीस. तिचं लग्न जमवण्याचा नाद घरच्यांनी सोडून दिला होता आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या संध्याकाळी तिने कोरियन सिरियलींना वाहून टाकल्या होत्या. त्यातही ऑफिसातल्या गुळमुळीत प्रेमकथा तिला चालत नसत. तिला राजवाडाच लागे. कारस्थानी राजमाता, विषाचा प्याला, जन्मल्या जन्मल्या अदलाबदल झालेली बाळं, लांब दाढीचे खोटारडे प्रधान. हे सगळं बघून बघून तिला कोरियन चक्क बोलता यायला लागलं होतं. फक्त ते काही शतकांपूर्वीचं होतं, ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती.

परदेशात शिक्षक पाठवणाऱ्या पुण्यातल्या एका एजन्सीत तिने अर्ज केला. तिथला क्षितिज नावाचा पोरगा फोनवर म्हणाला, "मॅडम, कोरिया सध्या टाइट आहे. त्यांना इंग्लंड-अमेरिकेतलेच मास्तर लागतात."

"मग?"

"मग जपान. ओसाकाला एक शाळा आहे, तिथे सगळी कोरियन मुलं आहेत."

"जपानमध्ये कोरियन मुलं?"

"मॅडम, तुम्हाला मुलं शिकवायचीत की जमीन?"

तेवढ्यात दुसऱ्या कानातल्या सिरियलीत राजमातेने विषाचा प्याला उचलला, आणि नेत्रा घाईघाईने हो म्हणाली.

विमानतळावर तिला घ्यायला केन आला होता. जपानमधली जी कंपनी शाळांना शिक्षक पुरवायची, तिचं ओसाकातलं काम तो बघायचा. वडील कोबेचे जपानी, आई गिरगावची. पोराची मराठी सुटू नये म्हणून आईने त्याला लहानपणी आकाशवाणीच्या बातम्यांच्या कॅसेटी ऐकवल्या होत्या, आणि त्याचा परिणाम तिशी उलटली तरी गेला नव्हता.

"आपलं स्वागत असो, नेत्रा-सान," तो वाकून म्हणाला. "प्रवासात काही गैरसोय झाली नसावी, अशी आशा आहे."

नेत्राने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, कुणी मंत्री उतरलाय.

शाळा त्सुरुहाशीच्या बाजारामागे एका दुमजली घरात होती. या भागात कोरियन माणसं तीन-चार पिढ्यांपासून राहत आलेली. मुलं दिवसभर नेहमीच्या जपानी शाळेत जात आणि दुपारनंतर इथे येत. आपली भाषा विसरू नये म्हणून कोरियन, आणि आईबाप मागे लागले म्हणून इंग्रजी.

पहिल्या सकाळी मुख्याध्यापक पाक सरांना भेटायचं ठरलं होतं. पण तिथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला, आणि जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी प्लास्टिक बाहेर ठेवल्याबद्दल शेजारच्या म्हाताऱ्याने नेत्राला पिशवीसकट पकडून ठेवलं, आणि ती उशिरा, धापा टाकत पोचली. पाक सर साठीचे, किरकोळ अंगाचे, कायम घसा बसल्यासारखं बोलणारे गृहस्थ. नेत्रा कमरेत पार वाकली आणि सिरियलीत प्रधानाची चूक झाली की तो जे म्हणतो ते शुद्ध कोरियनमध्ये म्हणाली. तिच्या समजुतीने त्याचा अर्थ 'माफ करा'. शब्दशः अर्थ 'महाराजांनी माझे प्राण घ्यावेत'.

पाक सरांनी चहाचा कप खाली ठेवला. थोडा विचार केला. मग इंग्रजीत म्हणाले, "नो नीड."

वर्गात वेगळीच तऱ्हा. तिने मुलांना कोरियनमध्ये, दरबारात करतात तसा नमस्कार केला. मग पहिल्या बाकावरची युना, नऊ वर्षांची, कपाळावर कात्रीने सरळ कापलेले केस, ठसक्यात म्हणाली, "नान्दे यानेन."

हे अस्सल ओसाकाचं जपानी. आपल्याकडे 'हे काय आता च्यायला' म्हणतात, त्याच जातीचं. वर्ग हसला. पोरं नावाने कोरियन, बाकी नखशिखांत ओसाकाची. त्यांचं कोरियन नेत्रापेक्षाही कच्चं होतं, आणि इंग्रजीबद्दल तर बोलायलाच नको. कंपनीने दिलेल्या पुस्तकात सफरचंद होतं. मला सफरचंद आवडतं, तुला सफरचंद आवडतं का. पोरं ते अशा चेहऱ्याने म्हणत, जणू कुणीतरी सफरचंदाच्या दहाव्याला बोलावलंय. वर्गात इंग्रजीशिवाय एक शब्द बोलायचा नाही असा कंपनीचा नियम होता, त्यामुळे नेत्रालाही त्या सफरचंदातून सुटका नव्हती.

सुटका झाली ती ताएसोकमुळे. हा गोल चेहऱ्याचा पोरगा एकदा गृहपाठ न करता आला. नेत्राचा तोल गेला आणि तोंडून निघालं ते थेट राजमातेचं वाक्य. याला बाहेर नेऊन याचं मुंडकं उडवा, अशा अर्थाचं. आवाजही तोच, भुवईही तीच. पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या. त्यातल्या प्रत्येकाच्या आजीच्या घरी या सिरियली दिवसरात्र चालू असत. काय म्हटलं गेलं ते बरोब्बर कळलं होतं.

"टीचर," युना हळूच म्हणाली, "वन मोअर. क्वीन. प्लीज."

नेत्राने सौदा केला. राणी हवी असेल तर इंग्रजीत मागा. राणीने काय करायचं, कुणाला कोठडीत टाकायचं, कुणाला माफ करायचं, सगळं इंग्रजीत सांगा.

त्यानंतर त्या वर्गाने जी इंग्रजी उचलली ती बघून नेत्राला मिरजेतल्या तिच्या सगळ्या वर्षांची लाज वाटली. 'द मिनिस्टर इज लायिंग.' 'द किंग हॅज लॉस्ट हिज मेमरी.' पूर्ण वर्तमानकाळ कुणी न शिकवता आला. एका मुलीने घरी जेवताना आईच्या वाटीकडे बोट दाखवून 'डू नॉट ट्रस्ट धिस सूप' म्हटलं. त्या आईने शाळेला फोन केला, शाळेने कंपनीला केला आणि केन टाय बांधून हजर झाला. तासभर मागच्या बाकावर बसून त्याने एक राजद्रोह आणि दोन अपहरणं पाहिली.

तास संपल्यावर तो म्हणाला, "नेत्रा-सान, विष वर्ज्य करावं, अशी नम्र विनंती आहे."

"मग राजा मरणार कसा?"

"राजानं मरणं अनिवार्य आहे का?"

"केन, तू आयुष्यात एकही सिरियल बघितली नाहीस का रे?"

"आम्ही घरी बातम्या लावत असू," केन म्हणाला.

शेवटी तह झाला. वसंतात पालकांसमोर मुलांचा कार्यक्रम असायचा; त्यात कंपनीने टोकियोहून पाठवलेलंच नाटुकलं बसवायचं, वर एक शब्द नाही. नाटुकल्याचं नाव 'मैत्रीचं सूप'. गाजर, कांदा आणि मुळा आधी भांडतात, मग एकमेकांची स्तुती करतात आणि आनंदाने एका पातेल्यात उडी मारतात. नेत्राला त्यात एकही खोटारडा प्रधान सापडला नाही, तरी तिने ते प्रामाणिकपणे बसवलं. युना गाजर, ताएसोक कांदा. मुळा झाली होती मिसो, वर्गातली सगळ्यात छोटी. तिला एकच वाक्य होतं: 'आय अ‍ॅम व्हाइट.'

कार्यक्रमाला हॉल भरला. पहिल्या रांगेत बाजारातल्या आज्या, मधोमध युनाची आजी, जिचं किमचीचं, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचं, दुकान होतं. आडनावावरून तिला सगळे को आजी म्हणत. आज्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं आणि त्या खाऊ घेऊन आल्या होत्या. मागे केन, शेजारी पाक सर.

पहिली दोन मिनिटं भाज्यांनी नीट भांडण केलं. मग युनाचं वाक्य आलं, 'कांद्या, तुझ्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं', आणि युना अडकली. तोंड उघडं, शब्द नाही. नेत्रा पडद्याआडून कुजबुजली, युनाला ऐकू गेलं नाही. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. युनाचे कान तिच्या पोशाखाइतके लाल झाले. आणि मग तिला जे येत होतं ते तिने म्हटलं.

"ओनियन. यू किल्ड माय फादर."

ताएसोकने पापणीसुद्धा हलवली नाही. तो गुडघ्यांवर बसला. "आय हॅड नो चॉइस," तो म्हणाला. "रॅडिश ऑर्डर्ड मी."

सगळे मुळ्याकडे वळले. मिसोने खूप विचार केला. "आय अ‍ॅम व्हाइट," ती म्हणाली.

"युअर फेस इज व्हाइट," गाजर गरजलं. "युअर हँड्स आर रेड."

नेत्रा पडदा पाडू शकत होती. दोरी तिच्या हातात होती. केन मागून दोन्ही हातांनी खुणा करत होता, तेही तिला दिसत होतं. तिला भीती वाटत होती आणि भीतीच्या खाली असा काही आनंद होता, की तिने दोरी खुंटीला अडकवली आणि हात मागे बांधले.

आज्यांचं खाणं थांबलं होतं. शब्द न कळता त्यांना सगळं कळलं होतं: हा बापाचा खून, ही पोरकी पोर, हा गरीब चाकर, आणि ही पांढरी भवानी सगळ्याच्या मुळाशी. गाजराने मैत्रीच्या सुपाची वाटी उचलून मुळ्यासमोर धरली. "ड्रिंक."

को आजी ताडकन उभी राहिली आणि तिच्या मूळच्या जेजू बेटावरच्या कोरियन बोलीत ओरडली, "पिऊ नकोस गं पोरी."

मिसोने दचकून वाटी खाली ठेवली आणि रडायला लागली. गाजराला काही सुचेना, तेव्हा त्याने मुळ्याला मिठी मारली. कांद्यानेही मारली. अशी शेवटी मैत्री झालीच, आणि हॉलमधल्या निम्म्या बायका डोळे पुसत होत्या.

कंपनीने नेत्राचा करार पुढे चालू ठेवला नाही. केन सांगायला आला तेव्हा त्याचा टाय सैल होता.

"कंपनीच्या मते आपण भाजीपाल्याचा अवमान केला," तो म्हणाला. "माझं व्यक्तिगत मत विचाराल तर, मुळ्याचं काम उत्तम झालं."

पाक सरांनी तिला शाळेतर्फे थेट ठेवून घेतलं. अट एकच घातली: माझ्याशी कोरियन बोलायचं नाही. को आजीने मात्र तिला शनिवारी दुकानात यायला फर्मावलं. असं कोरियन आता थडग्यातली माणसंसुद्धा बोलत नाहीत, म्हणाली, मी शिकवते. तिने शिकवलं ते जेजू बेटाच्या बाजारातलं, घासाघीस करायचं आणि शिव्या द्यायचं. नेत्रा हिवाळ्याच्या सुट्टीत सोलला जाऊन आली, तेव्हा राजदरबार आणि मासळीबाजार यांचं जे मिश्रण तिच्या तोंडून निघालं ते ऐकून टॅक्सीवाल्याने गाडी कडेला घेतली आणि मनसोक्त हसला. तिला सोल बरं वाटलं. माणसं सिरियलीइतकी देखणी नव्हती, ही तक्रार तिने आईला फोनवर दोनदा केली.

ताएसोक आता मोठ्या शाळेत आहे. तिथल्या इंग्रजीच्या परीक्षेत प्रश्न होता, 'काल तू उशिरा का आलास?' त्याने लिहिलं, 'माय एनिमीज डिलेड मी.' तिथल्या सरांनी गुण कापले. ताएसोक पेपर घेऊन नेत्राकडे आला. तिने दोनदा वाचला, चूक सापडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती केस विंचरून, चांगला कोट घालून त्या सरांकडे गुण परत मागायला गेली.