गाडीले आवतन

पोळा जवळ आला की मला अजून हळद-तुपाचा वास येतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मोठी माय, म्हणजे मोठेबांची, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, बायको, गरम हळद-तुपात पळसाचं पान बुडवून बैलांचे खांदे शेकायची आणि कानाशी वाकून म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी त्या खांद्यावर जू चढत नसे. मोठेबा कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते, पण हा नियम त्यांनी जन्मात मोडला नाही.

बाकी सणांना ते नदीपल्याड जात. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. वडनेरच्या पुढे पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि दुकानं लागतात. होळी असो, दिवाळी असो, मोठेबा बैलबंडी जुंपून निघायचे आणि येताना बंडीत आडवे असायचे. बैल आपसूक घरापुढे येऊन उभे राहत. मोठी माय आधी बैलांना पाणी दाखवायची, मग नवऱ्याला उठवायची. पोळ्याला मात्र बैल सुट्टीवर, म्हणून मोठेबा घरी. वर्षातला तेवढा एक सण तिला नवऱ्यासोबत मिळायचा.

पुढे मी बी.ए. झालो. आमच्या अख्ख्या घराण्यातला पहिला, हे मी आजही न विचारता सांगतो. समुद्रपूरला नोकरी लागली, स्वतःच्या पगारातून मोटारसायकल घेतली. त्याच साली म्हातारी झालेली बैलजोडी गेली आणि सणावारी गाडीची किल्ली मोठेबांच्या खिशात जाऊ लागली.

होळीला ते पल्याडून येताना गाडीसकट नालीत गेले. कोपर सोलवटलं, सदरा रक्तानं भरला. मोठी माय सदरा धूत बसली. मी म्हणालो, "मोठेबा, पिऊन गाडी चालवाची नाई."

"अन् बंडी चालवत होतो तवा?"

"तवा बैल चालवत होते. ते पेत नव्हते."

"गाडी तरी कुठी पेते बे?"

"गाडीले डोये नाईत, मोठेबा. तिले घर कुठी हाय हे ठाऊक नाई."

"लय शिकला," म्हणून ते कूस बदलून झोपले.

पोळ्याची आदली संध्याकाळ आली. यंदा बैल नाहीत, म्हणजे आवतन नाही, म्हणजे मोठेबा पोळ्यालाही पुलापलीकडे जाणार. घरात सगळ्यांना ते कळत होतं. तरी सवयीनं मोठ्या मायनं हळद-तूप गरम केलं आणि रिकाम्या गोठ्यात वाटी धरून उभी राहिली. मला ते पाहवेना. मी गाडी ढकलत नेली आणि बैल बांधायचे त्या खुंट्याजवळ लावली.

"हे काय लेका?"

"खांदे शेक इचे. आता हेच आपला बैल."

ती हसली. मग हसणं थांबलं. पान बुडवून तिनं हँडलच्या दोन्ही मुठी शेकल्या, आरशाजवळ वाकली आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ओसरीवर मोठेबा बिडी ओढत बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा दोस्त आला. "काऊन बसून राह्यला बे? काढ गाडी."

मोठेबा उठले. किल्ली लावली, मुठीला हात घातला आणि तळहात पिवळा झाला. ते हाताकडे बघत राहिले.

"आवतन देल्लं हाय इले," ते म्हणाले.

"लोखंडाले?"

"कशाले का असंना. जेवाले बोलवाचं अन् जुपाचं? माह्याच्यानं नाई होत."

"मंग बैलाच्या वाटच्या पोया मले वाढा, वहिनी," दोस्त खाली बसत म्हणाला. तो पोटभर जेवला आणि पायीच घरी गेला.

त्या साली पहिल्या पोळीचा तुकडा पुढच्या चाकापाशी ठेवला होता. संध्याकाळी दोघं नवरा-बायको ओसरीवर बसली होती, समोर पिवळ्या मुठींची गाडी. मोठेबा बराच वेळ रिकाम्या खुंट्याकडे बघत होते.

"बैलाईची गोष्टच अलग होती," ते म्हणाले.

"हाव," मोठी माय म्हणाली, "पण आज तुमी घरी आहा ना."