धोंडूकाकांच्या खांबातले खिळे

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. दादरला डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतो. दात म्हणजे माझ्यासाठी मेण, प्लास्टर आणि ॲक्रिलिक... त्यात मंत्र कुठे बसवू?

पण आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत धोंडूकाका होते. गिरणीत फिटर, आणि ड्युटी सुटली की दाढ उतरवणारे. पूर्वी गावोगावी असा माणूस असायचाच — कुणी विंचू उतरवायचा, कुणी कावीळ. काकांच्या घराण्यात ही विद्या राजेरजवाड्यांच्या काळापासून होती म्हणे. ते दुखऱ्या गालाला खिळा टेकवायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि तो खिळा गॅलरीच्या सागवानी खांबात ठोकायचे.

"दुखणा खंय जाणा नाय रे," ते सांगायचे, "ता खांब सांभाळता. खिळो तेवडो उपटू नको."

अख्ख्या चाळीचे खिळे होते त्यात. माझाही. खांबाला टेकलं की शर्ट फाटायचा आणि घरी मार मिळायचा. काय दिवस होते!

काका गेले, मग बाबाही. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आम्ही अँटॉप हिलला भाड्याने आलो आणि आईने बोलणंच टाकलं. नुसती खिडकीशी बसायची. दोन घास खाल्ले की हाताने 'बास'. तिला डोळ्यांदेखत मिटत जाताना बघून जीव तुटायचा.

एका दुपारी कामावर माझी दाढ अचानक ठणकली. घरी येतो तर आई गाल धरून बसलेली.

"बाबू, दाढ ठणकता रे!"

किती महिन्यांनी आवाज ऐकला तिचा!

"अगं आई, तुला एकही दात नाही. कवळी मीच बनवलीय ना?"

"माका शिकवतंस? दाढ नाय ता ठावक आसा. पण दुखता थंयच."

तेवढ्यात चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप वाजायला लागला. वरळीहून बंड्या, विरारहून शेवंतामावशी... सगळ्यांची दाढ! मग कुणीतरी फोटो टाकला. चाळ पाडायला घेतली होती. खांब आडवा पडलेला आणि लाकूडवाला त्यातले खिळे उपसत होता.

त्या संध्याकाळी आई कण्हत होती आणि बोलत होती. "तुज्या बापाशीन माका धरून नेल्यान धोंड्याकडे. खिळो बघून मी पळालंय, तरी परत धरून हाडल्यान आणि ठोकूक लायल्यान..." बोलता बोलता वाटीभर पेज संपवली. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते बघवेना.

सकाळी भोईवाड्यात गेलो. उपसलेले खिळे हाताला येतील तसे परत ठोकले. लाकूडवाला म्हणाला, "भाईसाब, दिमाग ठिकाने पे है ना?" ठोकता ठोकता माझी दाढ थांबली. ग्रुपवरही एकेकाचं 'दुखायचं राहिलं रे' सुरू झालं. मी उड्या मारतच घरी आलो.

"आई, थांबली ना दाढ?"

"रवली." आई पुन्हा खिडकीशी होती. "माजो खिळो भायर ठेवक होयो होतो रे, झिला."

त्यानंतर परत तेच. गप्प.

शेवटी लाकूडवाल्याला पटवून खांबाचा खिळ्यांचा तेवढा तुकडा कापून घरी आणला. आईने त्यावरून हात फिरवला आणि एका खिळ्यावर बोट ठेवलं. "ह्यो."

कसा ओळखला, देव जाणे. पक्कड हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. आई म्हणून हिला दुखवायचं कसं, आणि न दुखवता गमवायचं कसं? मग तो उपटला नाही... थोडासा सैल केला.

यामागे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. आता संध्याकाळ झाली की आईचा हात गालाकडे जातो, ती जरा तोंड वाकडं करते आणि बाबांची गोष्ट सांगायला घेते. मी पेजेची वाटी घेऊन समोर बसतो.