फसव्या प्रश्नांचा व्हॅलेरियन

५ जानेवारी १९८४, गुरुवार. वारा गार. दुपारी खोबऱ्याचं सारण भरून करंजीसारख्या नेवऱ्या तळल्या, मोठा डबा भरला. नाताळचा गोठा पुसताना त्यातल्या एका मातीच्या राजाची मान तुटली. जमालुद्दीनच्या कोल्ड स्टोअरमध्ये किराणा सगळा, पण गोंद मफी, नाहीच. उद्या रिफाहून अ‍ॅलिसबाय आपल्या मुलाला, फ्रेडीला घेऊन आमच्या अ‍ॅग्नेसला बघायला येणार. एकही प्रश्न विचारणार नाही, असं यांनी कबूल केलं आहे. देव करो.

रेजिनाने डायरी मिटली, पण मनातली धाकधूक काही मिटेना. नवऱ्याच्या शब्दावर तिचा विश्वास होता; त्याच्या जिभेवर नव्हता.

तिचा नवरा व्हॅलेरियन आखातातल्या एका हॉटेलात स्टोअरकीपर होता. माणूस सरळ, निर्व्यसनी. व्यसन एकच, फसव्या प्रश्नांचं. "मोशेने तारवात प्रत्येक प्राण्याचे किती नग घेतले?" समोरचा "दोन" म्हणाला रे म्हणाला की हा टाळी वाजवायचा, "एकही नाही! तारू नोहाचं!" बैल लाल रंगाला भडकतो का? वटवाघूळ आंधळं असतं का? हॉटेलातले कुक त्याला लांबून पाहिलं की कोल्डरूममध्ये शिरत आणि कुडकुडत उभे राहत, पण बाहेर येत नसत. हॉटेलची गाडी चालवणारा विठ्ठल तर दार उघडतानाच हात जोडी, "साहेब, आज सवाल मफी. यल्ला, चला, बसा."

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण आदल्या वर्षी मुहर्रकहून एक स्थळ आलं होतं. मुलाचे वडील रोज बायबल वाचणारे. व्हॅलेरियनने त्यांना चहाबरोबरच विचारलं, "ईव्हने कोणतं फळ खाल्लं?" ते म्हणाले, सफरचंद. "दाखवा कुठं लिहिलंय!" बिचारे चहा थंड होईपर्यंत पानं उलटत बसले. सफरचंद काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "आम्हाला सून हवी, परीक्षा नको." अ‍ॅग्नेस आठवडाभर बापाशी बोलली नाही. आणि या फ्रेडीवर तर तिचा जीवच जडला होता.

म्हणून रेजिनाने तोड काढली. "प्रश्न ओठांवर आला की एक नेवरी तोंडात घालायची. तोंड भरलेलं असलं की अपघात होत नाही."

"आणि नेवऱ्या संपल्या तर?"

"डबाभर केल्यात. बघू तुमचे प्रश्न जास्त की माझ्या नेवऱ्या."

शुक्रवारी चर्चमधल्या मासनंतर पाहुणे आले. अ‍ॅलिसबाय इस्पितळात नर्स, चालणं-बोलणं ठसक्याचं. फ्रेडी सोफ्यावर बसता बसता म्हणाला, "अंकल, वाटेत उंट दिसले. मजा आहे त्यांची. पाठीवरच पाण्याची टाकी!"

व्हॅलेरियनने डोळे मिटले आणि नेवरी कोंबली.

"आणि शहामृग, अंकल? घाबरलं की डोकं वाळूत खुपसतं, नाही?"

आणखी एक नेवरी. त्याचे कान लाल झाले. अ‍ॅग्नेस खिडकीबाहेर बघत ओठ चावत होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात अ‍ॅलिसबाय गोठ्याकडे वळल्या. "आज तीन राजांचा सण. आमच्याकडची रीत आहे, पाहुणीने राजांना उचलून बाळ येशूपाशी ठेवायचं. घराला बरकत येते." त्यांनी एक राजा ठेवला, दुसरा ठेवला आणि हात पुढे करून थांबल्या. "तिसरा कुठाय?"

तिसरा मेंढरांच्या मागे आडवा पडला होता. त्याचं मुंडकं गवतात होतं.

"अगोबाय! राजांच्याच दिवशी राजाची मान मोडलेली?" अ‍ॅलिसबायचा चेहरा उतरला. "माझी आई असती तर उंबऱ्यावरून परत फिरली असती. फ्रेडी, चल. पुन्हा कधीतरी बघू." त्यांनी पर्स उचलली.

अ‍ॅग्नेसच्या डोळ्यांत पाणी तरारलं. व्हॅलेरियन फुगलेल्या गालांनी बायकोकडे बघत होता. काहीतरी आत उकळत होतं, पण शब्द दिलेला. रेजिनाला एकदम उमगलं.

"अहो, गिळा!" ती ओरडली. "गिळा आणि विचारा!"

त्याने पाण्याच्या घोटाबरोबर नेवरी ढकलली. "अ‍ॅलिसबाय, बाळाला भेटायला राजे किती आले?"

"तीन. हे काय विचारणं झालं?"

"कुठं लिहिलंय?"

रेजिनाने बायबल पुढे केलं. अ‍ॅलिसबायनी चष्मा चढवून मत्तयचा दुसरा अध्याय वाचला. मग परत वाचला. "पूर्वेकडून ज्ञानी लोक आले... किती ते लिहिलेलंच नाही की! आणि राजेही नाहीत."

"भेटी तेवढ्या तीन. सोनं, ऊद, गंधरस. दोघं असतील तर एकाच्या दोन्ही हातांत."

"म्हणजे दोघांनी भागतं?"

"डझनभर आले तरी मत्तयची हरकत नाही."

अ‍ॅलिसबाय दोन्ही राजांना नीट सरळ करून मागे सरल्या. मग पर्स खाली ठेवून सावकाश बसल्या. "बरं. आता माझा एक प्रश्न. मनगटावरची ही शीर आहे ना, तिच्यातलं रक्त कोणत्या रंगाचं?"

व्हॅलेरियनने मनगट उलटं केलं. "निळं! हवा लागली की लाल होतं."

"लालच! जरा काळपट, पण लाल. निळी दिसते ती नुसती कातडीची करामत. रोज सुईने काढते मी, मला सांगताय?"

कितीतरी वर्षांत कोणी त्याला असं पाडलं नव्हतं. तो मनगट उजेडात धरून फिरवून बघत राहिला. मग चेहरा उजळला. "अ‍ॅलिसबाय, हा प्रश्न मला द्या. उद्याच हॉटेलात विचारतो."

"फुकट नाही मिळायचा. साखरपुड्याला देईन. तोवर त्या बिचाऱ्याची मान चिकटवा."

अ‍ॅग्नेस लाजून स्वयंपाकघरात पळाली. रेजिनाने पदराने डोळे टिपले.

निरोप घेताना व्हॅलेरियनला राहवेना. "फ्रेडी, ते उंटाच्या पाठीवर पाणी—"

"चरबी असते, अंकल. अ‍ॅग्नेसने सांगितलंय. वी जस्ट वॉन्टेड टु सी, तुम्ही किती तग धरता."

संध्याकाळी रेजिनाने डायरी उघडली. दिवसाचं सगळं लिहून झाल्यावर खाली एक ओळ घातली: नेवऱ्यांचा डबा रिकामा. यांना जेवण नको, ओव्याचं पाणी दिलं. उद्या रवा आणि सुकं खोबरं आणायचं.